हाताचा कंप आणि हाताचा हेतु

छायाचित्र पुसट कां येतें, या साध्या प्रश्नांत नीतिशास्त्रांतील एक जुना वाद दडलेला असेल अशी शंका सहसा कोणास येणार नाहीं. परंतु अलीकडच्या कॅमेऱ्यांच्या भिंगांत कंपनिवारणाची जी योजना असते तिची रचना जों जों बारकाईनें पाहावी, तों तों दुसऱ्याच्या वर्तनाविषयीं आपण जे निर्णय नित्य व निःशंकपणें देतों त्यांचा पाया किती डळमळीत आहे हें ध्यानांत येऊं लागतें. यंत्राची माहिती आधीं सांगतों. तिच्यावांचून पुढील चर्चा पोकळ होईल.

मनुष्याचा हात सर्वथा स्थिर असा कधींच नसतो. निरोगी हातही दर सेकंदास आठदहा वेळां अतिसूक्ष्म कांपतो. शिवाय श्वासानें व थकव्यानें तो सावकाश झुलत असतो. ३०० मिलिमीटर केंद्रांतराचें भिंग एका अंशाच्या दहाव्या हिश्शाइतकें वळलें, तर फिल्मवरील प्रतिमा सुमारें अर्धा मिलिमीटर सरकते, आणि ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटींत एवढी सरक सारें चित्र बिघडविण्यास पुरेशी होते. म्हणून छायाचित्रकारांत असा संकेत होता कीं, ३०० मिलिमीटरचें भिंग हातांत धरलें असतां सेकंदाच्या तीनशेंव्या हिश्शाहून अधिक वेळ शटर उघडें ठेवूं नये. उजेड कमी असल्यास कॅमेरा तिपाईवर चढवावा, नाहीं तर घरीं जावें.

१९९४ सालीं निकॉन कंपनीनें एका लहान कॅमेऱ्यांत, व १९९५ सालीं कॅनन कंपनीनें ७५ ते ३०० मिलिमीटरच्या सुट्या भिंगांत, निराळा उपाय योजिला. नळींतील कांचांपैकीं एक समूह घट्ट न बसवितां मोकळा ठेवण्यांत आला. कॅमेरा वरखालीं किती वेगानें वळला आणि उजवीडावीकडे किती वेगानें वळला, हें दोन लहान जायरोस्कोप मोजतात. फूकोनें १८५२ सालीं ज्यास हें नांव दिलें त्या उपकरणांतील चक्राप्रमाणें हे गरगर फिरत नाहींत. त्यांत एक बारीक तुकडा सतत थरथरत ठेवलेला असतो. कॅमेरा वळला कीं कोरिऑलिसच्या नियमानें त्या थरथरीस आडवा कल मिळतो, व त्या कलावरून वळण्याचा वेग कळतो. कंप मोजण्याचें काम कंपाकडेच सोंपविलें आहे, ही त्यांतली गंमत. मग लोहचुंबकाजवळील तारेच्या वेटोळ्यांतून वीज सोडून तो मोकळा कांचसमूह भिंगाच्या अक्षाशीं काटकोनांत असा सरकविला जातो कीं, हातामुळें ढळलेली प्रतिमा पुन्हां मूळ जागीं पडावी. समूह प्रत्यक्षांत किती सरकला याची नोंद दुसरे संवेदक घेतात आणि उणेंअधिक झाल्यास हुकूम बदलतो. हें सर्व सेकंदांत शेंकडों वेळां चालतें. त्या १९९५ च्या भिंगानें शटर चौपट वेळ उघडें ठेवण्याची सोय झाली.

हात स्थिर धरण्याचें कौशल्य यामुळें लोपलें, अशी तक्रार ऐकूं येते. तिच्यांत आम्ही शिरत नाहीं. चष्मा लावून वाचलेलें पुस्तक वाचलेंच नाहीं, असें कोणी म्हणत नाहीं.

अधिक विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, स्थैर्याची येथील कल्पनाच निराळी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत योग्याच्या चित्तास निवांत जागीं ठेविलेल्या दिव्याची उपमा आहे; वारा नाहीं म्हणून ज्योत हालत नाहीं. तिपाई ही त्याच पंथांतली. या भिंगांत मात्र वारा चालूच राहतो. कांच घट्ट बसविली असती तर ती हाताबरोबर कांपली असती. मोकळी आहे म्हणूनच ती चित्रास स्थिर राखते. यंत्र बंद असतां कांहीं भिंगें हालवून पाहिलीं तर आंत खुळखुळ असा आवाज येतो. प्रपंचांत राहून मन शांत ठेवणाऱ्या मनुष्याचें स्थैर्य आम्हांस या दुसऱ्या जातीचें वाटतें, व तें पहिल्याहून हलकें आहे असें मानण्याचें कारण दिसत नाहीं.

परंतु खरी अडचण पुढेंच आहे. धांवत्या घोड्याचें चित्र घेणारा आपला कॅमेरा घोड्याबरोबर मुद्दाम वळवितो. जायरोस्कोपाच्या दृष्टीनें हेंही वळणेंच. कंपनिवारक या वळण्यासही दोष समजून उलट ओढूं लागला, तर धन्याची इच्छा आणि सेवकाची निष्ठा यांची झटापट होऊन चित्र दोघांच्याही हातचें जातें. म्हणून १९९७ सालच्या ३०० मिलिमीटरच्या एका भिंगावर कॅननला दुसरा खटका ठेवावा लागला. तो लावला असतां ज्या दिशेनें कॅमेरा वळतो ती दिशा सोडून केवळ आडव्या कंपाचें निवारण होतें. पुढें यंत्रें हा भेद आपण होऊन करूं लागलीं. कोणत्या आधारानें? जी हालचाल लहान, जलद व पुढेंमागें होणारी, ती कंप. जी मोठी व एकाच दिशेनें टिकणारी, ती इच्छा.

हा नियम आम्हांस फार ओळखीचा वाटतो. आज एक, उद्यां दुसरें असें करणाऱ्यास आपण दुर्बल म्हणतों, आणि एका दिशेनें जात राहणाऱ्यास निश्चयी. पण थकलेला हात हळूहळू खालीं उतरतो तेव्हां ती हालचालही एकाच दिशेची असते. यंत्र तिला धन्याची मर्जी समजून वाट देतें. उलट धन्यानें एकाएकीं, पूर्ण विचारानें, कॅमेरा झटकन् वळविला तर क्षणभर त्यास अडथळा होतो. कित्येक घरांतून हेंच घडतें. मुलाचा एक तडकाफडकी निर्णय सर्वांनीं मिळून आवरावा, आणि वर्षानुवर्षें तो अभ्यासांतून, गाण्यांतून, मित्रांतून सावकाश ओसरत चालला असतां त्यास त्याची आवड म्हणून सोडून द्यावें! बाहेरून पाहणाऱ्यास हालचालीचा वेग दिसतो, तिच्यामागील मन दिसत नाहीं.

सुधारकाचा आणखी एक दोष तिपाईवर उघड होतो. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसविला असतां निवारक बंद करावा, अशी सूचना आरंभींच्या भिंगांबरोबर असे. कंपच नसतां त्यास आपल्याच संवेदकाची किरकोळ कुरकुर कंप वाटे, आणि तिचें निवारण करण्याच्या भरांत तो स्थिर चित्र हालवी. करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं हें ओळखण्याची बुद्धि यंत्रास मागाहून द्यावी लागली. तशी बुद्धि ज्यांस कोणींच दिली नाहीं असे सुधारक वाचकांच्याही परिचयाचे असतील.

आणि स्थिर म्हणजे तरी कशाच्या मानानें? जायरोस्कोप आपलें वळणें जमिनीच्या मानानें मोजीत नाहीं, दूरच्या ताऱ्यांच्या मानानें मोजतो. पृथ्वी ताशीं १५ अंश वळते. छायाचित्रकार निश्चल, समोरचें झाडही निश्चल, तरी अतितीक्ष्ण संवेदक म्हणणार कीं कॅमेरा वळत आहे. दर पायरीस शटरची मुदत दुप्पट, अशा साडेसहा पायऱ्यांपलीकडे पृथ्वीचें भ्रमणच आड येतें, असें ऑलिंपस कंपनीच्या अभियंत्यांकडून २०१६ सालीं सांगण्यांत आलें. २०१९ सालीं त्याच कंपनीनें साडेसात पायऱ्यांचा कॅमेरा काढला. मर्यादा पुढें गेली, पण मुद्दा राहिलाच. ताऱ्यांकडे पाहून बसविलेलें माप झाडाखालच्या माणसास लावतां येत नाहीं.

छायाचित्र बिघडलें तर फारसें बिघडत नाहीं. पण याच तत्त्वावर २०१३-१४ च्या सुमारास अमेरिकेंत कंपवातासारख्या विकाराच्या रोग्यांसाठीं एक चमचा तयार झाला. मुठींत संवेदक व लहान मोटरी. हात थरथरला तरी चमच्याचें टोंक पुष्कळसें जागेवर राहतें. आपल्या हातानें जेवतां न येणें हें दुःख भुकेहून वेगळें आहे, आणि ज्यास दुसऱ्यानें भरवावें लागतें त्यास तें माहीत असतें. येथें यंत्र एक मोठी गोष्ट मान्य करतें. तुझा हात कांपतो तो तूं नव्हेस, घास तोंडाकडे नेऊं पाहतोस तो तूं, असें जणूं तें त्या मनुष्यास सांगतें. पण हें तें सांगतें तेंही वेगावरूनच. चमच्यावरची जास्तीची आमटी झटकण्यासाठीं त्यानें हात मुद्दाम हालविला, तर चमचा त्यासही रोग समजण्याचा संभव आहे. शेजारीं बसलेल्या पत्नीस मात्र तें हालविणें कोणतें हें बहुधा कळतें. चाळीस वर्षें तिनें तो हात पाहिलेला असतो.