पाठ कोणी पाहायची?

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. एरवी यात काही बिघडत नाही, मेलानोमात बिघडतं. गोऱ्या पुरुषांमध्ये त्वचेचा हा कर्करोग बहुधा धडावर, त्यातही पाठीवर उगवतो.

१८२० साली इंग्लंडमधल्या स्टोरब्रिजच्या विल्यम नॉरिस या डॉक्टरांनी ५९ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत छापली. पोटावरच्या तिळातून वाढलेली गाठ, मग अंगभर गाठी, मग मृत्यू. नॉरिस यांनी घरची चौकशी केली, तर रुग्णाचे वडीलही अशाच दुखण्याने गेलेले. त्यांच्या गाठी उठल्या होत्या दोन खांद्यांच्या मधोमध. मुलांच्याही अंगावर तीळ. हे घराण्यातून येत असावं, असं नॉरिस यांना वाटलं, तेव्हा आनुवंशिकतेचे नियम मांडणारे मेंडेल जन्मायला दोन वर्षं होती.

आज त्यातलं बरंच कळलंय. आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला मेलानोमा झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट. काही घरांत सीडीकेएन२ए या जनुकात बिघाड सापडतो. तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. नेदरलँड्समध्ये लायडनच्या आसपास एकाच पूर्वजाकडून आलेला असा बिघाड बऱ्याच कुटुंबांत आहे आणि तिथे मुलांची त्वचा बाराव्या वर्षापासून तपासतात. बहुसंख्य घरांत मात्र जनुक हाती लागत नाही. रिपोर्ट कोरा आला म्हणून घरचा इतिहास पुसला जात नाही.

मग पाहायचं काय? एकेक तीळ सुटा धरला की अशा घरात माणूस चक्रावतो. कडा वेड्यावाकड्या, रंग दोन-तीन छटांचे. कडा आणि रंग पाहायच्या नियमावर बोट ठेवलं तर अर्धे तीळ संशयित. पण एका माणसाच्या अंगावरचे तीळ सहसा एकाच घराण्याचे असतात, गवयांसारखे. त्यात न बसणारा हुडकायचा. १९९८मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी या खुणेला कुरूप पिल्लाचं नाव दिलं. गदिमांच्या गाण्यामुळे ते पिल्लू आपल्या ओळखीचं; फक्त इथे त्याचा राजहंस होत नाही.

दुसरी खूण बदलाची, आणि बदल कळायला आधीचं आठवावं लागतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ अंगभराचे फोटो काढून ठेवतात, पुढच्या खेपेला ताडून बघतात, शंका आली की डर्मोस्कोप हे त्वचा तपासायचं भिंग टेकवतात. सगळी धडपड जाडीसाठी. गाठ किती खोल गेली यावर पुढचं बरंचसं ठरतं, हे १९७०मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवलं. एक मिलिमीटरहून पातळ असतानाच काढली तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

दोन तपासण्यांच्या मधले महिने उरतात. जोखीम ज्या घराने दिली, पाठ बघायला माणूसही तेच घर देतं. पाठीला पाठ लावून आलेली भावंडं आळीपाळीने खिडकीकडे पाठ करून उभी राहतात; एकाच्या हातात मोबाइल, तिळाशेजारी धरलेली फूटपट्टी. ड्रायरने केस उडवून टाळू बघायची, मग कानामागे, मग बोटांच्या बेचक्यांत.

आपल्याकडे मेलानोमा क्वचित. होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. काळा डाग कुरूप किंवा ठेच समजून महिनोन् महिने तसाच राहतो. तळपायही स्वतःचा स्वतःला नीट दिसत नाही. कुणीतरी तो मांडीवर घेऊन बघावा लागतो.