रानपिंगळा आणि आठवी आज्ञा

चोपड्याहून उत्तरेला, तालुक्यातल्या वैजापूरकडे निघाले की केळी आणि कापूस मागे पडून सातपुड्याचे सागवान सुरू होते. सुरू होते म्हणावे, तोच मध्ये शेत येते. पुन्हा झाडी, पुन्हा शेत. ह्या तुटक रानात पक्षी नाहीत असे नव्हे. बुलबुल, साळुंक्या, होले कडेकडेने भरपूर आहेत. जातींची नुसती बेरीज केली, तर असे रानही श्रीमंत ठरू शकते. कोठेही राहू शकणारे पक्षी आत येतात आणि ज्यांना जुन्या झाडांतली ढोलीच हवी, ते मुकाट्याने नाहीसे होतात. बेरीज तेवढीच राहते. मग हानी झाली ती कोणाची?

रानपिंगळा हे दिवसाउजेडी वावरणारे बुटके घुबड. ह्यूम ह्यांनी 1873 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र तो कोणाला खात्रीने दिसला नाही. मध्यंतरी माइनर्ट्झहागेन ह्या इंग्रज कर्नलाने, 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ आपल्याला तो मिळाल्याचे सांगितले. वास्तविक तो नमुना डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली. त्या चिठ्ठीवर विश्वासून शोधणारे भलत्याच रानात शोधत राहिले. पामेला रासमुसेन ह्यांनी ती बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदींचा माग घेतला. 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षे तो आपल्या शेजारीच होता! पुढे यावल अभयारण्यातही त्याची नोंद झाली.

खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञा. ती शेजाऱ्याची अब्रू राखते, असे आम्ही सेमिनरीत शिकलो. त्या शेजाऱ्याला पंख असू शकतील, हे मात्र कधी मनात आले नाही. नुसत्या बेरजेवर समाधान मानणे हीदेखील मला एक खोटी चिठ्ठीच वाटते. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते परमेश्वराचे चांगुलपण एका प्राण्यात मावत नाही, म्हणून त्याने सृष्टी नानाविध केली. हे खरे असेल, तर शंभर साळुंक्या आल्या तरी रानपिंगळ्याची जागा भरत नाही.

पण रानाचे तुकडे करणारे ते शेत कोणाचे? बहुधा एखाद्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाचे. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या जमिनीवरचा त्यांचा हक्क कायद्याने मान्य व्हायला 2006 साल उजाडावे लागले. त्यांच्या नांगराला पाप म्हणणे मला शोभणार नाही. ज्या चर्चमध्ये मी मिस्सा अर्पण करतो, त्याची दारे सागवानाची आहेत. मात्र बांधावरचे वाळके, ढोलीचे झाड तेवढे राहू द्या, असे त्यांना सांगावेसे वाटते. इमारतीच्या कामी ते येत नाही, म्हणून प्रथम सरपणाला जाते ते तेच. सांगायला जावे, तर घरातली बाई विचारील, ‘फादर, मग चूल कशावर पेटवू?’ त्याचे उत्तर अजून माझ्याजवळ नाही.