मुंगळ्यांचा गुन्हा

आमचं रान भीमेच्या अलीकडं, दौंड तालुक्यात. पलीकडं शिरूर. त्या साली पपईची रोपं मी पलीकडनंच टेम्पोत घालून आणली. दोन-चार रोपांच्या पानांखाली कापूस चिकटल्यासारखं पांढरं दिसलं होतं. पण पैसे देऊन झाले होते. लावली.

पुढं सगळी बाग पिठ्या ढेकणानं पांढरी पडली आणि खोडाखोडावर मुंगळ्यांची रांग लागली. ढेकूण झाडाचा रस शोषून गोड चिकटा टाकतो. मुंगळे तो चाटतात आणि ढेकणाची राखण करतात. त्याला खाणारे ढालकिडे, त्याच्या अंगात अंडी घालणारी बारीक गांधीलमाशी, कुणाला जवळ येऊ देत नाहीत. ही माशी २०१० साली शास्त्रज्ञांनी मुद्दाम पोर्तो रिकोहून आणून सोडलेली.

शेजारचे आबा बांधावर येऊन म्हणाले, “तुझ्या मुंगळ्यांनी माझी बाग घालवली रं!” मी मान हलवली.

खोडांना ग्रीसचे पट्टे मारायला घेतले, तर आई म्हणाली, “त्यांनी काय तुझं घोडं मारलंय?” ती वारुळाला पीठ-साखर घालणारी.

हा ढेकूण मूळचा मेक्सिकोकडचा. आपल्या देशात २००८ साली कोइमतूरला पहिल्यांदा सापडला. एवढा समुद्र काही मुंगळ्यांनी ओलांडून दिला नाही. ते आपलं पोट बघत होते. पोट तर मीही बघत होतो, पण मला पांढरं दिसलं होतं.

आबांना रोपांचं अजून सांगितलेलं नाही.