तामारच्या डोक्यावरची राख



बलात्काराच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला, की आपणही चटकन म्हणतो, "म्हणजे मुलगीच खोटी!" आरोपीवरचा गुन्हा सिद्ध झाला नाही, एवढेच कोर्ट सांगते. मुलीवर खटला नव्हताच.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. हायकोर्टाने शिक्षा दिली, पण १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती होती, असे धरले गेले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८० साली स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, १९८३ साली कायदा बदलला. त्या मुलीचा निकाल मात्र तसाच राहिला.

पवित्र शास्त्रातली तामार डोक्यावर राख घालून रडत निघाली. भाऊ म्हणाला, गप्प राहा. बाप दावीद राजा संतापला, पण अम्नोनला त्याने काहीच केले नाही. (आपला संतापही बहुधा असाच, चहा संपेपर्यंतचा.)

जालन्यातल्या आपल्या धर्मग्रामात अशी एखादी मुलगी रविवारी मिस्साला आली, तर आपण बाकावर सरकून तिला जागा देऊ, की शेजारणीच्या कानाला लागू?