उसने

दुसऱ्याकडून घेण्याला मराठीत किती शब्द आहेत! भीक, दान, कर्ज, उचल, भिशी, उसने. घेण्याचे प्रकार निराळे आणि प्रत्येक प्रकारात घेणाऱ्याची मान किती वाकते तेही निराळे, म्हणूनच इतक्या शब्दांची गरज पडली असावी. भिकेची परतफेड नसते; ज्याने ती एकदा घेतली त्याला देणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देणे कठीण जाते. कर्जाला कागद असतो, व्याज असते आणि मुदत टळली की दाराशी माणूस असतो. उसन्याला यांतले काहीच नाही. पण हिशोब मात्र आहे. वाटीभर साखर नेली तर वाटीभर साखर परत जायची, आणि तीही काठोकाठ. दिवाळीत शेजारी गेलेले फराळाचे ताट रिकामे परत येत नाही, त्यामागेही हाच हिशोब असतो. आपण त्याला प्रेम म्हणतो. ते प्रेमच असते. पण हिशोब ठेवणारे प्रेम असते.

अडचणीतल्या माणसाला आधार द्यावा, याविषयी कोणाचे दुमत नाही. तो कसा द्यावा, म्हणजे घेतल्यानंतरही घेणारा आपल्या बरोबरीचाच राहील, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. या प्रश्नाचा विचार करू लागलो की माझ्या डोळ्यांपुढे पोटासाठी मुलूख सोडलेली बाई उभी राहते.

गाव सोडताना घरदार मागे राहते हे सर्वांना दिसते. जिच्याकडे उसने मागता येईल अशी शेजारीणही मागेच राहते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गावात ती अमक्याची लेक, तमक्याची सून असते. वाण्याच्या वहीत तिचे नाव असते. तान्हे मूल कोणाच्याही ओट्यावर ठेवून तिला विहिरीवर जाता येते. यालाच आपण पत म्हणतो. परमुलखात पाऊल टाकताच ही पत संपते. तिथे सावकाराला तिचे नाव ठाऊक नसते. गळ्यातल्या मण्यांचे वजन तेवढे कळते.

मुंबईच्या गिरणगावाचेच पाहा. पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसांची रीघ लागली. बहुतेक पुरुष एकटे यायचे. एकेका खोलीत अनेकजण पाळीपाळीने पथारी टाकायचे. त्यांच्या जेवणातून खाणावळ निघाली. ती चालवणाऱ्या बाया त्याच मुलखातून आलेल्या. कोणाचा नवरा गेलेला, कोणाचा बसून राहिलेला, कोणाचा पगार घरापर्यंत न पोचणारा. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चूल पेटायची ती रात्रपाळीच्या माणसांची ताटे होईपर्यंत विझत नसे. तिथेच मुले झोपायची, तिथेच पाढे म्हणायची.

या धंद्यातली खोच हिशोबात होती. तांदूळ, डाळ, तेल आज आणायचे आणि जेवणाराचे पैसे मात्र त्याचा पगार झाल्यावर यायचे. मधला महिना कशावर काढायचा? वाण्याच्या उधारीवर नाहीतर सावकाराच्या पैशावर. मग दिवसभराच्या राबण्यातून जे सुटायचे ते व्याजात जायचे. या बायांना हिशोब येत नव्हता असे नव्हे. कोणी किती भाकऱ्या जादा खाल्ल्या हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांच्याजवळ नव्हती ती पत. १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी तारण मागणारे टेबल काही नाहीसे झाले नाही.

गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज या बायांच्या चुलीपर्यंत पोचले. तारणाला सोने नव्हते, घर नव्हते. एकीला दुसरीचा जामीन, इतकेच. याच मुंबईत, गिरगावात, १९५९ साली सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि कोणाकडून देणगी घ्यायची नाही असा नेम केला. त्यातून पुढे लिज्जतचा केवढा व्याप झाला ते आपण जाणतोच. ऐंशी रुपये उसने चालले; देणगी चालली नाही. हा भेद त्या बायांना पुस्तक न वाचता कळला होता.

यातून मला असे वाटू लागले की पत ही कोणा एका माणसाच्या अंगची वस्तू नव्हे. ती दोघांच्या मध्ये असते. शेजारणीने ‘हिचे पैसे बुडाले तर मी देईन’ असे म्हणताच, काल काहीही नसलेल्या बाईजवळ आज काहीतरी असते. शिवाय ज्या दिवशी ती जामीन मिळवते त्याच दिवशी ती दुसरीला जामीन राहतेही. घेणारी आणि देणारी अशा दोन जाती तिथे उरत नाहीत.

पण जामिनाला दातही असतात, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या नजरा तिच्यावर वळतात, आणि शेजारणीची नजर सावकाराच्या माणसापेक्षा जास्त बोचते. बायांचे गट करून कर्जे वाटण्याचा जेव्हा कंपन्यांनी धंदा केला, तेव्हा आंध्र प्रदेशात वसुलीचा जाच इतका वाढला की कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला. गट तोच, जामीनही तोच. मग बिघडले काय? माझ्या मते, हिशोब कोण विचारतो यावर सारे अवलंबून आहे. १९८२च्या संपात गिरणगावातल्या घराघरांचा पगार थांबला, तेव्हा खाणावळीचे पैसे का येत नाहीत हे तिथल्या शेजारणीला सांगावे लागत नव्हते. तिच्याही घरी तेच होते. जिला कारण ठाऊक आहे तिला थांबता येते. ज्याच्याजवळ फक्त आकडा आहे त्याला थांबता येत नाही.

‘उचल’ हा तर याहून वेगळा प्रकार. मी बीडकडच्या डोंगराळ भागात शिकवतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वर्गातले कितीतरी बाक रिकामे असतात. आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि मुले त्यांच्याबरोबर. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. म्हणजे बाई ही अर्धा कोयता. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती नवऱ्याच्या हातात आणि ती फेडायची दोघांच्या हातांनी. पहाटे फडात जायचे, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या, परत कोपीवर येऊन भाकरी थापायची. त्यातून उसाचे वाढे विकून ती मीठमिरचीचे चार पैसे उभे करते. हे सारे साखर कारखान्यासाठी. पण १९४८च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सांगितले ते कारखान्यातल्या बायांना, आणि उसाचा फड हा काही कारखाना नव्हे. तिचे मूल उसाच्या सरीतच निजते.

म्हणून तिला सर्वांत मोठे उसने लागते ते पैशांचे नसून मुलाकडे पाहणाऱ्या डोळ्यांचे. सरकारची हंगामी वसतिगृहे निघाली, काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या; त्यांचा उपयोग झाला आहे. तरी पुष्कळ मुले मागे राहतात ती कोणा आजीच्या, कोणा शेजारणीच्या भरवशावर.

माझ्या वर्गातली एक मुलगी अशीच एका शेजारणीकडे राहिली. नात्याची नव्हे, भावकीचीही नव्हे. हंगाम संपल्यावर तिची आई परत आली आणि रोज उठून त्या शेजारणीच्या रानात राबायला जाऊ लागली. मी सहज म्हटले, “अहो, त्या बाईंनी काही दिवस मोजून ठेवले नसतील.” ती म्हणाली, “त्यांनी न्हाई मोजले गुरुजी, पर म्या मोजलेत. न्हाई मोजले तर पुढच्या वर्साला पोरगी कोणत्या तोंडानं ठिवू?”

हिशोब म्हणजे कोरडेपणा आणि प्रेम म्हणजे हिशोब विसरणे, असे आम्ही कथा-कादंबऱ्यांतून लिहीत आलो. या बाईला हिशोब विसरणे परवडणारे नव्हते. त्याच्याच बळावर तिला ताठ मानेने शेजारणीच्या दारात उभे राहता येत होते, आणि तिची मुलगी त्या घरात आश्रित म्हणून वाढत नव्हती. मुलाला सांभाळणाऱ्या घरात आपल्या आईची किंमत काय आहे हे मुलाला फार लवकर कळते. ते त्याच्या चालण्याबोलण्यात उतरते. हे मी वर्गात वर्षानुवर्षे पाहतो आहे.

जिला फेडता येणारच नाही तिचे काय, हा प्रश्न उरतो. आजारी बाई आहे, ओली बाळंतीण आहे, हंगामात हात मोडून परत आलेली आहे. तिच्याकडून आज परतफेड मागणे हे क्रौर्यच. पण ‘तू काही देऊ नकोस’ असे तिला कायमचे सांगून टाकणे हेही मला तितकेसे दयाळूपणाचे वाटत नाही. तिने उद्या, परवा, दहा वर्षांनी आणि पाहिजे तर तिसरीलाच द्यावे. वही उघडी राहिली तरी चालेल. तिचे नाव तेवढे वहीतून खोडू नये. आणि वही उघडायचीच झाली तर आपलेही पान उलटून पाहायला हवे. या चार दिवसांत आपल्या करंज्या-लाडवांत जी साखर पडते तिच्यापोटी फडातल्या त्या अर्ध्या कोयत्याचे आपल्याकडे पुष्कळ येणे आहे. तिच्या मुलांसाठी वसतिगृह, पाळणाघर मागणे याला समाजसेवा म्हणण्याचे कारण नाही. थकलेले देणे आहे ते.

बाकी, आपल्या चाळीत, आळीत, वस्तीत परमुलखातून आलेली एखादी बाई असेलच. तिला काय द्यावे, असा विचार या दिवसांत अनेकांच्या मनात येतो, आणि तो चांगलाच आहे. मी एवढेच सुचवीन की तिला काही देण्याआधी तिच्याकडे काहीतरी मागून पाहावे. वाटीभर पीठ मागावे, तिच्या गावाकडच्या एखाद्या पदार्थाची रीत विचारावी, तासभर आपले मूल तिच्याकडे ठेवावे. ज्या दिवशी आपण तिचे उसने घेऊ, त्या दिवसापासून आपल्याकडे मागायला तिला संकोच वाटणार नाही.