हिरव्या ‘ओके’ची जबाबदारी

सर्व्हर रीस्टार्ट होतो, पडद्यावर हिरवे ‘ओके’ उमटते आणि तरीही डेटाबेस बंदच असतो. अशा वेळी सगळे डेटाबेसकडे बोट दाखवतात. पण कित्येकदा दोष त्याला उठवणाऱ्या छोट्याशा स्टार्टअप स्क्रिप्टचा असतो.

युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ परंपरेत पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रत्येक सेवेला अशी शेल स्क्रिप्ट असे. सेवा सुरू झाली की तिचा प्रोसेस क्रमांक पीआयडी फाइलीत लिहायचा आणि पुढे कुणी विचारले की त्यावरून उत्तर द्यायचे. पण ती फाइल ही नोंद आहे, पुरावा नव्हे. प्रोग्रॅम कोसळला तरी क्रमांक तसाच राहतो. लिनक्समध्ये हे क्रमांक पूर्वापार 32768 च्या आत फिरत असल्याने तोच क्रमांक उद्या भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो. मग ‘स्टॉप’ म्हणताच मारली जाते ती निरपराध प्रोसेस.

म्हणून अशी स्क्रिप्ट दुरुस्त करताना आधी तिला तपासायला शिकवावे लागते: हा क्रमांक जिवंत आहे का, आणि तो आपल्याच प्रोग्रॅमचा आहे का? ‘लिनक्स स्टँडर्ड बेस’ या मानकाने ‘स्टेटस’ विचारल्यावर द्यायची उत्तरेही यासाठीच वेगळी केली. सेवा चालू असेल तर 0, मेली पण पीआयडी फाइल मागे उरली तर 1, मुळात चालूच नसेल तर 3.

2011 मध्ये ‘फेडोरा’ या लिनक्स वितरणाच्या 15 व्या आवृत्तीने पीआयडी फाइलींची जागा मेमरीत हलवली. रीबूट झाला की तिथल्या डिरेक्टरी नाहीशा होऊ लागल्या. स्वतःची डिरेक्टरी तयार न करणाऱ्या स्क्रिप्ट त्यामुळे हाताने चालवल्या की चालत आणि रीबूटनंतर अडत. अशा वेळी ‘दहा सेकंद थांब’ अशी ओळ घुसडण्याचा मोह होतो. ती दुरुस्ती नव्हे, अंदाज आहे.

2010 मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी मांडलेल्या ‘सिस्टमडी’ या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रणालीने पीआयडी फाइलींची ही नोंदवही बाजूला सारली. कोणती प्रोसेस कोणत्या सेवेची, हे आता कर्नलच्या ‘सीग्रुप’, म्हणजे प्रोसेसच्या गटांवरून कळते. बदल सहज स्वीकारला गेला नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये ‘डेबियन’ या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर सिस्टमडी आले. उघडून वाचता येणारी, जागच्या जागी सुधारता येणारी स्क्रिप्ट हवी, हा विरोधकांचा आग्रह रास्त होता. त्यातूनच ‘देवुआन’ हे वेगळे वितरण जन्मले.

तरीही मूळ प्रश्न संपला नाही. सिस्टमडीच्या ‘सिंपल’ प्रकारात प्रोसेस जन्मली की सेवा ‘सुरू’ मानली जाते. डेटाबेस तेव्हा अजून जुने लॉग वाचत बसलेला असू शकतो. ‘नोटिफाय’ प्रकारात सेवा स्वतःच तयार असल्याचे कळवते, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ही सोय 2016 च्या 9.6 आवृत्तीपासून आहे. जिथे ती नाही, तिथे स्क्रिप्टने ठरावीक मुदतीपर्यंत सेवेलाच विचारत राहावे आणि उत्तर आले नाही तर शून्येतर कोड देऊन अपयश कळवावे. म्हणजे त्या सेवेवर विसंबलेले बाकीचे प्रोग्रॅम फसव्या ‘ओके’वर पुढे जाणार नाहीत.