आधी गटार, मग रस्ता

रस्त्याच्या कामाचा नारळ फोडतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या गल्लीत पाय ठेवलेले मात्र थोडेच असतील. कुंडलच्या पंचक्रोशीतल्या त्या दलित वस्तीचं नाव लिहीत नाही. पलूस, कडेगाव, तासगाव, कुठल्याही तालुक्यातल्या वाचकाला तशी गल्ली आपल्या गावातच सापडेल. दोन महिन्यांपूर्वी केलेला काँक्रीटचा रस्ता पाइपलाइनसाठी मधोमध फोडला आहे. चरात मुरूम लोटून वरून सिमेंटचा हात फिरवला आहे. फोडलेल्या कडेला हात लावून पाहिला, तर जाडी चार बोटांत मावली. जुन्या रस्त्यावरच नवा थर चढवल्यामुळे रस्ता उंबऱ्याच्या वर गेला आहे आणि गटाराचा पत्ता नाही. वळवाची एक सर आली की पाणी थेट चुलीपाशी. एका आजींनी दारात वाळूची दोन पोती आडवी टाकली आहेत.

जाब विचारला की एकच उत्तर येतं, "मार्चअखेर होती. निधी परत गेला असता की ओ."

या एका वाक्यावर आपल्याकडे निम्मे रस्ते झाले आहेत. तेव्हा त्याचा हिशेब एकदा मांडूच. कुठला निधी परत जाणार होता? वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यावर जमा होतो. पंधराव्या वित्त आयोगाने तर त्यातला 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता, म्हणजे गटाराला पैसा नव्हता असंही म्हणता येत नाही. खासदार निधी वर्ष संपलं म्हणून बुडत नाही. दलित वस्तीचा निधी जिल्हा परिषदेमार्फत येतो आणि तो खर्चायला पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंत मुदत असते. बरं, मुदत खरंच संपत आली होती असं मानू. मार्च काही अचानक येत नाही. गावाचा विकास आराखडा वर्ष सुरू होण्याआधी करायचा असतो. मग एप्रिलपासून फेब्रुवारीपर्यंत ती फाइल कुणाच्या टेबलावर होती? घरोघरी नळ द्यायची जलजीवन योजना 2019 मध्ये जाहीर झाली. पाइप येणार हे माहीत असताना त्याच्या आधी काँक्रीट का ओतलं? आणि काँक्रीटला पाणी कुणी मारलं? निदान 7 दिवस, कोरड्या उन्हात 10 दिवस ते ओलं ठेवावं लागतं. ताकद तपासायच्या ठोकळ्याची चाचणी 28 दिवसांनी होते. 20 मार्चला ओतलेल्या रस्त्याचं बिल 31 मार्चला निघतं, तेव्हा तपासलं काय, हे कुणी सांगेल का? निधी परत गेला नाही हे खरं. तो मातीत गेला.

बाकीची उत्तरं दोन ओळींत संपतात. "लोकांनीच रस्ता मागितला." लोकांनी गटार मागितलं होतं, त्यांना विचारा. "ठेकेदार आपल्याच गावचा आहे." मग तर त्याने जास्त चांगलं काम करायला हवं.

मी या स्तंभात फलकाचा विषय पुन्हा पुन्हा काढतो, याची काही वाचकांना चीड येते. येऊ द्या. त्या गल्लीच्या तोंडाशीही फलक आहे. त्यावर "यांच्या विशेष प्रयत्नातून" असं लिहून पाच चेहरे छापलेत. योजनेचं नाव, रक्कम, लांबी, जाडी, ठेकेदार, किती वर्षं दुरुस्ती त्याच्याकडे, यातलं एक अक्षर नाही. हा पैसा कुणाच्या प्रयत्नातून आलेला नसतो. तो त्या वस्तीच्या हक्काचा असतो. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकण्याचा निर्णय घेतला, योग्यच केलं. पण तिथे आधी काय करायचं हे तिथल्या माणसाला न विचारताच ठरणार असेल, तर पाटी बदलून मान मिळत नाही.

ही गोष्ट कुंडलच्या परिसरात घडावी, याचं मला जास्त लागतं. हे गाव औंध संस्थानात होतं. 1939 मध्ये औंधच्या राजाने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला, तो गावपंचायतींच्या पायावर. पुढे क्रांतिसिंह नाना पाटील आणि कुंडलचेच जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारने इथे गावोगाव लोकांचे निवाडे लोकांसमोर केले. ब्रिटिशांचं राज्य डोक्यावर असताना या मुलखाने चारचौघांत बसून कारभार केला. आज कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा दिल्या आहेत आणि आपण त्या गणपूर्तीअभावी तहकूब करतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-दहा डोकी बसून ठराव लिहितात. ठेकेदाराने चार पैसे कमवावेत, सदस्याने फोटो काढावा, एवढ्यापुरतं मी डोळेझाक करीन. आजींच्या चुलीत पाणी गेलं तर नाही.

पुढच्या ग्रामसभेला जा. वस्तीतल्या बायकांना पुढे बसवा. आधी पाइप, मग गटार, मग रस्ता, हा क्रम ठरावात लिहून घ्या. जुना रस्ता उकरल्याशिवाय नवा थर नको, हेही लिहा. आणि फलकावर चेहऱ्यांऐवजी जाडी छापायला लावा.